वाऱ्यातलं माप

बोट भाजलं, त्याच्या आधीच्या क्षणी मी केळ्याचा विचार करत होते. सकाळी निघताना माझ्या लेकीच्या, मुंगीच्या, हातात अर्धं केळं होतं आणि तिने ते भिंतीला फासायला घेतलं होतं. सासूबाईंनी ते लगेच पुसलं असेल का, की आत्तापर्यंत वाळून घट्ट बसलं असेल, आणि वाळलेलं केळं खरवडायला उलथनं बरं की नख, हे असलं काहीतरी डोक्यात चालू होतं. हात आपापलं काम करत होते. परत आलेल्या खोक्याचे चार स्क्रू मी काढले, झाकण उचललं आणि नऊ वर्षांच्या सवयीने उजवी तर्जनी त्या काळ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या पार्टवर टेकवली. ही सवय काकांनी लावलेली. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यांचा नियम सोपा आहे. बोट ठेवायचं आणि मनात एक, दोन, तीन म्हणायचं. तीनपर्यंत पोचलात तर पार्ट जगेल. मी धड एकसुद्धा पुरा म्हटला नाही. बोट तोंडात गेलं, जिभेला करपलेल्या कातडीची चव लागली, आणि केळं, भिंत, उलथनं सगळं एकदम पुसलं गेलं. खोकं बंद पडलेलं होतं म्हणून मी बिनधास्त हात लावला होता. बंद आहे म्हणजे निवांत आहे, असं मला का वाटलं कोण जाणे. मी स्वतः घरी जेव्हा गप्प बसते तेव्हा काय निवांत असते?

हे खोकं नवजात बाळांच्या वॉर्डात पाळण्याच्या दांडीला लावतात. बाळाच्या पायाला एक चपटं बटण चिकटवलेलं असतं, त्यातून ते अंगाची ऊब मोजतं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा आणि मिनिटाला एकदा बारीकशी टिक्. बाळ गार पडायला लागलं की घंटा. अशी अठरा खोकी आम्ही दिली होती आणि त्यांच्या आतला सर्किट बोर्ड माझा. आठव्या आणि नवव्या महिन्यात, पोट टेबलाला टेकू नये म्हणून तिरकी बसून, मी त्याचं डिझाइन काढलं होतं. अठरातलं एक परत आलं, त्याला चिठ्ठी होती: ‘आपोआप बंद पडते. थोड्या वेळाने आपोआप चालू होते. बघावे.’ दोन दिवस मी बघत होते. माझ्या टेबलावर ते शहाण्या मुलासारखं चालायचं. आज सकाळी मात्र मला त्याच्या बाजूच्या भोकांत अडकलेला निळसर धागा दिसला, मऊ, पंच्याचा असतो तसा. मग मी पिशवीतून मुंगीचा छोटा टॉवेल काढला (तो पिशवीत असतोच, मुंगी नसली तरी) आणि खोक्यावर घातला. चाळीस मिनिटांनी टिक् थांबली. दिवा गेला. मी टॉवेल काढला, झाकण काढलं, बोट ठेवलं. आणि बोट तोंडात धरून बसले असतानाच, कुणी काही न करता, दिवा परत लागला. टिक्.

तो काळा पार्ट काही मोठं गुपित नाही. बाहेरच्या अडॅप्टरमधून त्याला बारा व्होल्ट येतात, पुढच्या नाजूक मंडळींना पाचच हवे असतात. बारा घ्यायचे आणि पाच द्यायचे, एवढंच त्याचं काम. मग मधले सात कुठे जातात? कुठे जात नाहीत. तोच त्यांची उष्णता करतो आणि अंगावाटे सोडत राहतो. पुढे जितका करंट जास्त, तितका याचा ताप जास्त. मी इथे लागले त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी मला बोलावून, माझ्यादेखत, याची पुढची दोन टोकं स्क्रूड्रायव्हरने सरळ एकमेकांना जोडली होती. मी डोळे गच्च मिटले, कानांवर हात ठेवले. काहीच झालं नाही. दिवा नुसता मलूल झाला. ‘उघड डोळे,’ काका म्हणाले. ‘बघ, जास्त मागितलं की हात आखडता घेतो. इतकंच देईन म्हणतो. तरी मागतच राहिलात तर तापतो. फारच तापला की डोळे मिटून पडतो, आणि गार झाला की उठून कामाला लागतो. याला कुणी शिकवलं नाही बरं, जन्मतःच शहाणा आहे. आपल्यात असा एक तरी माणूस दाखव.’ तेव्हा मी हसले होते. बावीस वर्षांची होते, मला कुणी फारसं काही मागत नव्हतं.

पण मग तो तापला का? हा प्रश्न मला नको होता. गेले पाच महिने, म्हणजे मी परत कामावर यायला लागल्यापासून, एक भीती माझ्या पाठोपाठ जिना चढून रोज येते आणि टेबलाखाली बसते. स्टोअरवाला एकदा म्हणाला होता, ‘बायांचं डोकं पहिलं वर्षभर दुधात असतं हो, आमच्या हिला मीठ आणि साखर कळेना.’ सगळे हसले, मीही हसले. पण तेव्हापासून मी प्रत्येक गुणाकार दोनदा करते. दरवाज्याला कुलूप लावून परत येऊन ओढून बघते. आईला फोन लावते आणि तिने उचलला की कशासाठी लावला ते आठवत नाही. आणि आता हे खोकं. मी कपाट उघडून गेल्या वर्षीची वही काढली. बोटाला फोड धरायला लागली होती म्हणून पानं डाव्या हाताने उलटली. आणि ते पान आलं. माझंच अक्षर, जरा पसरट, कारण तिरकं बसून लिहिलेलं. सात व्होल्ट गुणिले पॉइंट दोन अँपिअर, एक पूर्णांक चार वॉट. प्रत्येक वॉटमागे पासष्ट अंश. खोलीचे सत्तावीस. एकूण एकशे अठरा. त्याच्यापुढे: ‘हद्द एकशे पंचवीस. बंद खोक्यात भागणार नाही. पत्रा बसवावा.’ पत्रा म्हणजे ॲल्युमिनियमचा तुकडा, पार्टच्या पाठीला स्क्रूने आवळतात, मग उष्णता त्यावर पसरते आणि हवेत जाते. हे वाक्य बरोबर होतं. अगदी बरोबर. पण त्यावर आडवी रेघ होती. खाली दुसऱ्या शाईत: ‘प्रत्यक्ष मोजले. अडुसष्ट. पत्रा नको.’ आणि ‘नको’ खाली दोन रेघा, एखाद्या हट्टी मुलीने मारल्यासारख्या.

अडुसष्ट. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. एकशे अठराचे अडुसष्ट कसे होतील? मीटर चुकला असेल? तो मीटर अजून माझ्या खणात आहे, कालच वापरला. पार्ट वेगळा होता? नाही. मग खोटं लिहिलं? त्या दिवसांत मला घरी जायची इतकी घाई असायची, पाय सुजून चपलांचे पट्टे लागत नसत, तर दमून, कंटाळून, पत्रा नको म्हणून आपल्याला हवा तो आकडा लिहून टाकला? माणूस असं करतं का, आणि करून विसरतं का? खोलीच्या पलीकडच्या टोकाला स्टोअरवाल्याच्या टेबलावर कागद फडफडले. त्याने त्यावर स्टेपलर ठेवला. थोड्या वेळाने परत फडफडले. त्याच्या टेबलावर हिरव्या पात्यांचा पंखा आहे, मान हलवत नाही, सरळ एकाकडेच बघतो. तो पंखा मी ओळखते. त्याच्या जाळीची खालची एक तार वाकलेली आहे, ती माझ्या पोटाने वाकली, नवव्या महिन्यात, उठताना. आणि तेव्हा, बोट तोंडातून काढून, मी हळूच खुर्चीत मागे टेकले.

तो पंखा माझा होता. मला त्या वेळी असं गरम व्हायचं की अंगात कुणी भट्टी पेटवून दिली आहे. काकांनी एके दिवशी कुठून तरी तो पंखा आणला आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. ‘दोघांना लागतो वारा,’ एवढंच म्हणाले. दोन महिने तो माझ्याकडे बघत फिरत होता. सोल्डरचा धूर उडवायचा, केस उडवायचा, आणि उघड्या बोर्डवरून सरळ वाहत माझ्या गळ्याशी यायचा. मी पार्टचं तापमान मोजलं ते त्याच वाऱ्यात. माप खोटं नव्हतं. हिशेबही चुकला नव्हता. मला गार वाटावं म्हणून आणलेल्या वाऱ्याने त्यालाही गार ठेवलं होतं, आणि त्याच्यासाठी वॉर्डात तसा वारा कुणी ठेवणार नव्हतं. तिथे तर मुद्दाम ऊब राखतात. वर बंद झाकण. आणि वर टॉवेल. टॉवेल कोण घालतं? मला कुणी सांगायची गरज नव्हती. मुंगी जन्मली तेव्हा दोन दिवस तीही अशाच पाळण्यात होती. तिथलं खोकं दुसऱ्या कुणाचं तरी, पण दिवा तसाच हिरवा, आणि तो नेमका तिच्या पापण्यांवर पडायचा. ती कपाळाला आठ्या घालायची, एवढंसं कपाळ, त्यावर म्हातारीच्या आठ्या. मी सिस्टरची पाठ वळली की तिचं टोपडं त्या दिव्यावर घालायची. म्हणजे मी स्वतःच. तिथे बसून मी तासन्‌तास त्या दिव्याकडे बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, हे ज्या कुणी केलं त्याचं भलं होवो. आणि आता तशाच एका वॉर्डात माझी सतरा खोकी होती. सतरा पाळण्यांवर. आत्ता, या मिनिटाला, त्यातलं कुठलं तरी एक डोळे मिटून पडलं असेल, आणि त्याच्याखाली कुणाची तरी मुंगी गार पडत असेल, आणि घंटा वाजवायला कुणी जागं नसेल. चालू होतं, बंद होतं, चालू होतं, अशा बंद मिनिटांमध्ये आधीच काही होऊन गेलं असेल तर?

मी आधी काकांकडे गेले. वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली आणि फक्त म्हटलं, ‘काका, मी पंख्यात मोजलं.’ त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पान वाचलं, स्टोअरवाल्याच्या टेबलाकडे बघितलं, परत पान वाचलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच काळजी वाटली. ‘म्हणजे मीच केलं की गं,’ ते म्हणाले. ‘नाही हो काका, तुम्ही काय केलंत? पंखा आणलात. बंद करायचा मला सुचायला हवं होतं.’ ‘सुचणार कसं? गार वारा कुणाला बंद करावासा वाटतो?’ मग आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. काका माझ्या पुढे चालत होते, एरवी ते कुणाच्या पुढे चालत नाहीत. साहेब डबा उघडून बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं, पत्रा, रेघ, अडुसष्ट, टॉवेल, आणि सांगताना भाजलेलं बोट उगाच वर धरलं होतं, शाळेत उत्तर येत असल्यासारखं. साहेबांनी घास खाली ठेवला. ‘वॉर्डात फोन केलास?’ ‘नाही.’ ‘मग इथे काय करतेस? आधी फोन. बोंबलायचं ते मी नंतर बोंबलतो.’

फोन उचलणाऱ्या मुलीने मोठ्या सिस्टरना बोलवायला कुणाला तरी पाठवलं आणि रिसीव्हर तसाच ठेवला. मग मी तिथली खोली ऐकत होते. एक बाळ रडत होतं, रड कोरडी, रागाची, म्हणजे भुकेची. कपाट लागल्याचा आवाज. कुणीतरी कुणालातरी ‘अगं सरक’ म्हणालं. आणि त्या सगळ्याच्या मागे, मला आधी भास वाटला, टिक्. मग दुसरीकडे टिक्. एकमेकांशी न जुळणाऱ्या टिक्‌टिकी, पागोळ्या गळाव्यात तशा. मी मोजायला लागले. सतरा मोजता येतात का बघत होते, पण त्या एकमेकींत मिसळत होत्या आणि मी परत एकपासून सुरू करत होते. माझा श्वास फोनमध्ये इतका मोठा येत होता की मी तोंड बाजूला केलं. काका दारात उभे होते. त्यांच्या हातात कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर होता आणि ते तो उगाचच पुसत होते.

‘बोला,’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मी माझं सांगितलं. चूक माझी आहे, खोकी तापतात, तापली की बंद पडतात, त्यावर काही घालू नका, आणि... मग मला विचारता येईना. शेवटी विचारलं. ‘कुठल्या बाळाला काही झालं नाही ना?’ पलीकडे त्या हसल्या. ‘अहो बाई, तुमच्या खोक्याच्या भरवशावर आम्ही डाराडूर झोपतो असं वाटलं की काय? टिक् थांबली की आमच्या पोरींचे कान आधी टवकारतात. आणि टिक् असो नसो, तासातासाला पायाला हात लावून बघायचंच. हाताला बॅटरी लागत नाही. एकाही बाळाला काही नाही. ज्याच्या पाळण्यावरचं बंद पडत होतं ना, ते पोरगं तर टम्म होऊन घरी गेलं, जाताना मला लाथ मारून गेलं.’ मी मनगटाने डोळे पुसले. ‘तीन खोकी तशी करत होती,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘आया त्यांच्यावर पंचे घालतात, दिवा डोळ्यावर येतो म्हणून. कितीदा ओरडले, ऐकतील तर शपथ. मग मी दोन खोकी खिडकीकडच्या दांडीला सरकवली, जरा वाऱ्याला. तिथे गुण आला. एक मात्र भिंतीकडे होतं, ते तुमच्याकडे पाठवलं. मी पोरींना म्हटलंसुद्धा, बाळांना नाही, या खोक्यांनाच ताप भरतो.’ मग आवाज खाली आणून: ‘तुम्ही रडता आहात का?’ ‘नाही.’ ‘बरं. तुमचं केवढं आहे?’ मी म्हटलं, ‘सात महिन्यांचं.’ त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. ‘मग दिव्याला एक टोपी करून द्या,’ सिस्टर म्हणाल्या, ‘नाहीतर त्या पंचे घालणारच.’

फोन ठेवल्यावर मला खाली बसावं लागलं. सुटका ही काही उडी मारण्यासारखी गोष्ट नसते, हे मला तेव्हा कळलं. ती आली की एकदम भूक लागते. मला इतकी भूक लागली होती की साहेबांनी पुढे केलेला त्यांचा डबा मी नाही म्हणता म्हणता निम्मा संपवला. ते बोंबलले, पण थोडंच. ‘रेघ मारताना कुणाला दाखवायचं होतंस,’ म्हणाले, आणि ते खरं होतं. मग म्हणाले, ‘आणि त्या पंख्याला मेमो द्या. परवानगीशिवाय डिझाइनमध्ये भाग घेतला म्हणून.’ काका हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. इलाज अवघड नव्हताच, माझ्याच वहीत एका रेघेखाली इतके महिने पडून होता. प्रत्येक पार्टला पत्रा. शिवाय बाराऐवजी नऊ व्होल्टचा अडॅप्टर. म्हणजे सातऐवजी चारच जाळायचे. दिव्याला काळ्या रबराची टोपी. अडॅप्टर आजच निघतील, तोवर सगळी खोकी खिडकीच्या बाजूला आणि पंचे बंद. घरून फोन आला. सासूबाई. ‘मुंगी झोपली. केळं पुसलं मी, तू विचारशील म्हणून सांगते. जेवलीस का?’ मी म्हटलं, ‘जेवले. साहेबांचं.’ ‘चांगलं झालं,’ त्या म्हणाल्या आणि काही न विचारता फोन ठेवला.

दुपारी मी परत आलेल्या खोक्याला पत्रा आवळला, नऊचा अडॅप्टर लावला, पार्टच्या पाठीला मीटरची तार चिकटवली. काका पंखा घेऊन आले. खरंच, हातात घेऊन, वायर गळ्यात टाकून. ‘तुझाच आहे,’ म्हणाले, ‘घामाघूम झालीस.’ मी म्हटलं, ‘आधी मोजून होऊ दे.’ ‘बरं मॅडम,’ ते म्हणाले. मी नियमांवर बोट ठेवलं की ते मला मॅडम म्हणतात. त्यांनी पंखा जमिनीवर तोंड भिंतीकडे करून ठेवला, खोलीतले बाकीचे दोनही बंद केले, आणि स्टोअरवाल्याने कुरकुर केल्यावर त्याला म्हणाले, ‘तुझं डोकं दुधात नाही ना? मग तासभर घामात राहू दे.’ झाकण लावलं, चार स्क्रू, वर मुंगीचा टॉवेल, दुहेरी. घड्याळ बघितलं. आता तासभर काही करायचं नव्हतं. मी बसले. हात टेबलावर ठेवले. सात महिन्यांत असा तास आला नव्हता, ज्यात मी थांबले तरच काम होणार होतं. वही समोर उघडी, नवं पान, वर तारीख. हवा हलत नव्हती. टॉवेलाला तिचा वास होता, आंबूस, गोड, झोपेचा. त्यातून टिक् येत होती, जरा दबलेली. एक मिनिट. टिक्. मी मनात म्हटलं, एक. पुढच्या टिक्‌ला दोन. बोटावरची फोड थडथडत होती, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर असल्यासारखी. तीन म्हटल्याचं मला आठवत नाही.

जागी झाले तेव्हा गाल हाताला चिकटला होता आणि खिडकीतलं ऊन टेबलाच्या दुसऱ्या पायावर गेलं होतं. दचकून उठले, पहिला विचार, गेलं, माप गेलं. पण खोकं टिक् करत होतं. टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला होता. स्टोअरवाला घामेजून कागद लावत होता, पंखा अजून भिंतीकडे तोंड करून बसला होता. सगळं जागच्या जागी होतं. वहीत, माझ्या तारखेखाली, काकांच्या उभट, दाबून लिहिलेल्या अक्षरात तीन ओळी होत्या.

‘एक तासानंतर एकसष्ट. पुन्हा अर्ध्या तासाने एकसष्ट.

झाकण बंद, टॉवेल दुहेरी, वारा नाही.

मॅडम झोपल्या होत्या. उठवले नाही.’